कवच आहे, कवळी नाही

सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच देण्याच्या योजनेचा 2024च्या धन्वंतरी जयंतीला गाजावाजा करून शुभारंभ झाला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण हे कवच ज्या केंद्राच्या आयुष्मान भारतमधून मिळते, ती मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना. दाढ ठणकते म्हणून कोणी दाखल होत नाही. रूट कॅनाल, हिरड्यांचे उपचार, कवळी ही सारी कामे दवाखान्याच्या खुर्चीत होतात आणि म्हणूनच कवचाबाहेर राहतात. म्हातारपणी जे हटकून लागते, तेच वगळायचे हा कुठला न्याय?

महाराष्ट्र राज्याने तरी काय वेगळे केले? 2024च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना साधने घेण्यासाठी एकदाच 3 हजार रुपये मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे, कवळी नाही. केंद्राच्या 2017च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ती होती. मग राज्याच्या यादीतून ती गळली कशी? यादी करणाऱ्यांपैकी कोणाच्याच घरी तोंडाचे बोळके झालेले माणूस नाही काय? आणि कवळी ही शिबिरात वाटून मोकळे होण्याची वस्तूही नव्हे. माप घ्यावे लागते, चावा जुळवावा लागतो, बसवल्यावर टोचते तिथे घासून द्यावी लागते. त्यासाठी चार खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला एसटीचा प्रवास असतो.

तालुक्याच्या रुग्णालयात दात काढून मिळतो, बसवून मिळणे दुर्मीळ. मग भाकरी आमटीत कुस्करून गिळायची. शेंगदाणे, काकडी, मटण ताटातून जाते आणि दिवस चहा-बिस्किटावर निघतो. अशाने मधुमेहाच्या रोग्याची साखर आटोक्यात कशी राहणार? हिरडीतला जंतुसंसर्ग ती आणखी बिघडवतो. जन्मभर मिश्री लावलेल्या आजीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडला, तर तो वेळेत बघायला कोणी नाही. त्याचा कर्करोग झाला की मात्र हीच आयुष्मान योजना शस्त्रक्रियेचे पैसे देणार! चट्टा असताना तोंड उघडून बघायला किती खर्च आला असता?

डॉक्टर नाहीत, ही सबबही चालणार नाही. देशात 300हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बीडीएस होऊन कामाच्या शोधात फिरणारी मुले गावोगाव दिसतात. खासगीत पूर्ण कवळी करायची तर ज्येष्ठांना श्रावणबाळ योजनेतून दरमहा मिळणारे 1500 रुपये कित्येक महिने साठवावे लागतात. 2024च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात त्याचे 2100 करण्याचा शब्द दिला गेला. रक्कम वाढलीच पाहिजे, पण एवढ्याने कवळी येत नाही. ज्येष्ठांच्या नावाने मते मागणाऱ्या कोणत्याच पक्षाच्या सभेत दातांचा उल्लेख ऐकू आला नाही, याचा संताप येतो.

सरकार कोणाचेही असो, वयोश्रीच्या यादीत कवळी घालायला एक शासन निर्णय पुरतो. 3 हजारांत ती होणार नाही, तेव्हा रक्कमही वाढवा. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्याबरोबर कवळी बनवणारा तंत्रज्ञ नेमा. आणि साठीपुढचा रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी केसपेपर काढून आला, तरी त्याचे तोंड तपासणे सक्तीचे करा.