पाणी फोडलं, पण सांगितलं कुणी?

माझं पहिलं बाळंतपण १९९८ सालचं, तालुक्याच्या गावी. कळा सुरू होऊन सहा तास झाले होते. सिस्टर ‘तपासते हं’ म्हणाल्या. हातात क्रोशाच्या सुईसारखं काहीतरी लांबट. आणि एकदम मांड्यांखालून गरम पाण्याचा लोट! मला वाटलं, बाळाला काही झालं. घाबरून विचारलं तर म्हणाल्या, “पाणी फोडलंय, ओरडू नका.” पुढच्या कळा अशा आल्या की मध्ये श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

मुलगी सुखरूप झाली, घरात जिलेबी वाटली गेली (मुलगा असता तर पेढे, हे तुम्हाला सांगायला नकोच) आणि विषय तिथंच मिटला. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरांना घाई, दुसरं काय!” आई म्हणाली, “लवकर सुटलीस बाई.” खरं काय, ते मी कुणाला विचारलंच नाही.

आता तीच लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. परवा म्हणाली, “आई, तुझ्या वेळी कसं झालं होतं गं?” मग तिच्या तपासणीला गेले तेव्हा इतक्या वर्षांचा प्रश्न डॉक्टरबाईंपुढे ठेवला.

त्यांनी नीट समजावलं. पाण्याच्या पिशवीला वेदना नसतात, दुखते ती आतली तपासणी. पाणी गेलं की बाळाचं डोकं थेट पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयाच्या, दाबतं आणि कळांचा जोर वाढू शकतो. बाळंतपण अडलं असेल, किंवा बाळानं आत शी केलीय का ते पाण्याच्या रंगावरून पाहायचं असेल, तर पिशवी फोडतात. पाणी हिरवट दिसलं तर सावध व्हायचं. पण डोकं वर असताना फोडली तर नाळ खाली घसरण्याचा धोका, म्हणून आधी डोकं कुठंय ते बघायचं आणि फोडल्यावर लगेच बाळाचे ठोके ऐकायचे. फार तास गेले तर जंतुसंसर्गाचीही भीती. आपल्याकडे ‘कोरडं बाळंतपण’ म्हणतात, तसं मात्र नसतं. पाणी आत तयार होतच राहतं.

आणि सगळं सुरळीत चाललं असेल, तर नुसतं लवकर उरकावं म्हणून फोडू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलंय.

माझ्या वेळी कारण होतं की नव्हतं, ते आता कळणार नाही. असेलही. सिस्टरवर राग नाही, एका रात्रीत त्यांच्या वाट्याला किती बाया असतील कोण जाणे. पण “ताई, पिशवी फोडतेय, गरम पाणी येईल, घाबरू नका, चालेल ना?” एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात. देह माझा, आणि बातमी मला सगळ्यात शेवटी! सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ योजना आली, तिच्यात बाळंतिणीला मानानं वागवा, सोबतीला तिचं माणूस राहू द्या, असं स्पष्ट आहे. मैत्रिणींनो, खासगीत जात असाल तरी हे आधीच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही.

लेकीनं फाईलच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवलंय : का फोडताय? थांबलं तर चालेल का? ठोके ऐकले का? आत तिच्यासोबत मी जाणार होते. जावईबापू म्हणताहेत, मीच जातो. आमचं अजून ठरायचंय.