वांडपणा नव्हे, एडीएचडी

एडीएचडी, म्हणजे 'अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. तो लाडांमुळे होत नाही आणि धपाट्यांनी जातही नाही. बऱ्याच अंशी तो आनुवंशिक असतो.

नावामुळे गैरसमज मात्र होतो. एडीएचडी असलेल्या मुलांना लक्ष देताच येत नाही असे नाही. ते हवे तिथे वळवणे आणि टिकवणे त्यांना जड जाते. लेगोत दोन तास रमणारा मुलगा गणिताला बसला की पेन्सिलीला टोक काढतो, पाणी पिऊन येतो, चौथ्या गणितात वजाबाकीच्या जागी बेरीज करतो. रात्री कसाबसा पुरा झालेला गृहपाठ दुसऱ्या दिवशी बाईंना न देता दप्तरातच परत येतो. 'खेळताना बरे लक्ष लागते!' हा टोमणा म्हणूनच अन्यायाचा आहे. मुलींची गोष्ट आणखी वाईट. खिडकीबाहेर बघत बसलेल्या शांत मुलीचा वर्गात कोणालाच त्रास होत नाही आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

निदानासाठी रक्ततपासणी वा स्कॅन नाही. मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली डीएसएम-५ (२०१३) हिच्यानुसार मुलांमध्ये बेध्यानपणाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने दिसावी लागतात. ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावीत आणि काही तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावीत. त्यामुळे शिक्षकांचे म्हणणे टाळून सहसा निदान करता येत नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस अशी, की सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांनीच मुलाचे वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे. त्यापुढे औषध आणि वर्तनोपचार यांची जोड द्यावी. घरातले उदाहरण घ्या: 'आवर, दूध पी, बूट घाल, दप्तर घे' या चार सूचना आहेत. अशा मुलाला एका वेळी एकच द्यावी आणि ती पार पडताच शाबासकी द्यावी. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर वजन-उंचीवर नजर ठेवतात. औषधाची भीती समजण्यासारखी आहे, पण त्या भीतीपायी वर्षे वाया घालवणे समर्थनीय नाही.

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली अशा विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ, पुढची जागा, तुकड्यांत दिलेला गृहपाठ अशा सवलती मिळू शकतात. 'शिक्का बसेल' म्हणून तिथली अनेक मराठी घरे शाळेला कळवतच नाहीत. 'आळशी' हा शिक्का मुलावर तोवर बसलेलाच असतो. पालकांनी शाळेकडे मूल्यमापनाची लेखी मागणी करावी. सार्वजनिक शाळेत या मूल्यमापनाला पैसे पडत नाहीत.