फीडबॅकच्या सरासरीत आपली पोरं कुठं जातात?

सत्र संपायला आठवडा उरला की कॉलेजात फीडबॅकचा हंगाम येतो. सीआर वर्गाच्या ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक टाकतो, 'आजच भरा, नॅकला लागतं' असं बजावतो, आणि पोरं बसची वाट बघत उभ्या उभ्या सगळ्या प्रश्नांना पाच-पाच गुण देऊन मोकळी होतात. प्राध्यापकाच्या फायलीत एक आकडा जातो. ४.६. शेरा : उत्कृष्ट.

मी संख्याशास्त्र शिकवते. सरासरी शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून या ४.६ चा हिशेब आधी मांडते. वर्गात ६० विद्यार्थी. ५४ जणांनी ५ गुण दिले, ६ जणांनी १ दिला. बेरीज २७६, भागिले ६०, उत्तर ४.६. ते सहा कोण, हे या पोर्टलच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. होस्टेलवर राहणारे. इंग्रजीत प्रश्न विचारायला कचरणारे. ज्यांची नावं स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही करताना भर वर्गात पुकारली जातात, आणि मग मागून कुणीतरी हसतं. या सहा जणांपुरता तो माणूस शिक्षक म्हणून नापास आहे. कागदावर तो उत्कृष्ट आहे. आणि गणितात चूक कुठंच नाही!

विद्यार्थ्यांना विचारा, त्यांचं ऐका, ही मागणी मुळात आपली आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. कर भरतो शेतकरी आणि सरकारचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, हे त्यांनी सरकारला ठणकावून सांगितलं. शिक्षणव्यवस्थेला मिळालेला याहून खरा फीडबॅक मला माहीत नाही. त्यात 'समाधानी, अत्यंत समाधानी' असे रकाने नव्हते.

आज काय आहे? २०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि त्यात 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' आणलं. समाधान! हॉटेलातून निघताना विचारतात तसं. वीस पर्यायी प्रश्न आणि शेवटी सूचना लिहायला एक मोकळी जागा. अभ्यासक्रम किती टक्के झाला, शिक्षक तयारी करून येतात का, किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे वापरतात. अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होतं का, हाही प्रश्न आहे, ते नाकारत नाही. पण न्याय्य कुणासाठी? फॉर्म वय विचारतो, लिंग विचारतो. वर्गात, प्रयोगशाळेत, तोंडी परीक्षेत तुमच्या जातीमुळं तुम्हाला वेगळी वागणूक मिळाली का, हे मात्र विचारत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच अहवालात येत नसतं.

विचारलं की काय दिसतं, तेही या देशाला ठाऊक आहे. दिल्लीच्या एम्समध्ये सुखदेव थोरात समिती बसली, २००७ मध्ये तिचा अहवाल आला. समितीनं अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळं बसवून विचारलं. सुमारे ६९ टक्क्यांनी सांगितलं की शिक्षकांकडून आम्हाला पुरेशी मदत मिळत नाही. बहुसंख्यांनी सांगितलं की प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत अन्याय होतो. हेच विद्यार्थी सगळ्या संस्थेच्या सरासरीत मिसळले असते तर? देशातली सर्वोत्तम वैद्यकीय संस्था, विद्यार्थी समाधानी, फाईल बंद.

आता निनावीपणाचं बोलू. 'नाव लिहायचं नाही, मग घाबरता कशाला?' असं आपल्याला ऐकवतात. मी मराठवाड्यातून उठून दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्रीय विद्यापीठात एम.एस्सी.ला गेले. तेव्हा फॉर्म कागदावर असायचे. सर स्वतः वर्गात उभे राहून ते वाटायचे आणि स्वतःच गोळा करायचे. मी मोकळ्या जागेत मोडक्या इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, की सर आमच्या शंकांना उत्तर देत नाहीत, हसतात. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात ते वाक्य माझ्या व्याकरणाच्या चुकांसकट वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. त्या वर्गात तशी इंग्रजी लिहिणारे आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा त्या दिवशी गैरहजर होता. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेला समोर तेच सर. ज्याच्या हातात २० इंटर्नल गुण आहेत, त्यालाच त्याच्या तोंडावर खरं सांगायचं, आणि वर नाही सांगितलं की म्हणायचं, 'ही मुलं बोलतच नाहीत'!

दुसरी बाजूही आहे. आपल्यातले जे शिकवायला उभे आहेत त्यांची. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. मुलाखतीत फीडबॅकचा आकडा काढला जातो. 'मॅडमचे उच्चार बरोबर नाहीत', 'मॅडम जातीवर फार बोलतात' (संख्याशास्त्रात जनगणना शिकवताना जात टाळायची कशी, हे मला कुणी सांगावं). कायम नोकरीतल्या माणसाला अशा शेऱ्यानं काही होत नाही. मला होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांचा आक्षेप. विद्यार्थ्यांनीही सुरुवातीला त्यांना गंभीरपणे घेतलं नव्हतं, मग मात्र इतर कॉलेजांतली मुलंसुद्धा त्यांची व्याख्यानं ऐकायला येऊन बसू लागली. पहिल्याच आठवड्यात चांदण्या मोजल्या असत्या तर काय आकडा आला असता?

मग फीडबॅक नकोच का? असं म्हणणारे काही मित्र आहेत, आणि त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. कारण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. मला हे माझ्याच वर्गानं दाखवलं.

तीन वर्षांपासून मी सहाव्या आठवड्यात, म्हणजे सुधारायला वेळ असताना, पाव कागदाच्या चिठ्ठ्या वाटते. प्रश्न दोनच. कुठं अडलं? आणि माझ्या कुठल्या वागण्यामुळं विचारावंसं वाटलं नाही? भाषा कुठलीही. चिठ्ठ्या मी गोळा करत नाही. दुसऱ्या विभागातली एक मैत्रीण त्या घेते, टाइप करते, शब्द न बदलता शुद्धलेखन सारखं करते आणि मला फक्त तो टाइप केलेला कागद देते. अक्षर माझ्यापर्यंत येत नाही. पुढच्या तासाला मी कागद वाचून दाखवते आणि सांगते, यातलं हे बदलणार, हे बदलू शकत नाही, का तेही सांगते.

पहिल्या वर्षी एक ओळ होती : 'मॅडम, तुम्ही "हे तर सोपं आहे" म्हणता, मग मला ते येत नाही हे सांगायची लाज वाटते.' दुसरी त्याहून लागली. मी वर्गात नेहमी सांगायचे की मीही तुमच्यासारख्याच घरातून आले, कंदिलाखाली अभ्यास केला, मी केलं तर तुम्हीही कराल. अभिमानानं सांगायचे. चिठ्ठीत होतं : 'तुमची गोष्ट ऐकली की वाटतं, आमच्यातच काहीतरी कमी आहे.' म्हणजे ज्या मेरिटच्या गोष्टीनं मला आयुष्यभर छळलं, तीच मी निळ्या कव्हरात घालून पोरांना वाटत होते. 'सोपं' हा शब्द मी वर्गातून काढून टाकला आहे. अजून अधूनमधून तोंडातून निसटतो, आणि आता मुलं बोट वर करून दाखवतात.

४.६ च्या आकड्यानं मला हे कधीच सांगितलं नसतं.

विभागाच्या बैठकीत मी लेखी मागणी दिली आहे. फॉर्म विद्यार्थ्याला येणाऱ्या भाषेत असावा. इंटर्नलचे गुण विद्यापीठाकडे जाऊन कुलूपबंद होईपर्यंत एकही उत्तर शिक्षकाला दिसू नये. सत्राच्या मध्ये घ्यायची चिठ्ठी वेगळी ठेवावी, ती नेमणुकीच्या फायलीत लावू नये. जातीवरून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल थेट प्रश्न असावा. आणि राखीव प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांची बेरीज वेगळी काढावी, एका वर्गात पाच-सहाच असतील तर ओळख पटू नये म्हणून सगळ्या विभागांची एकत्र करून काढावी. विभागप्रमुख म्हणाले, 'याने उगाच जातीयवाद वाढेल.' इतिवृत्तात माझ्या मागणीचा उल्लेख नाही, म्हणून तेच पत्र मी शनिवारी आवक-जावक क्रमांक घेऊन पुन्हा दिलं आहे.

या सत्राची लिंक पुढच्या सोमवारी येतेय. माझ्या वर्गाला मी सांगितलंय, शेवटच्या मोकळ्या जागेत जे लिहायचं ते मराठीत लिहा, आणि पाठवण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.