काटा त्यांचा, ग्रेडही त्यांचीच



कपाशी-ज्वारीच्या बैठकीत मीरा रोडच्या बॉम्बस्फोटाचे काय काम, असे काही जण विचारतील. विचारावेच.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकल गाड्यांत ७ स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड-भाईंदरच्या टप्प्यात. १८० हून अधिक माणसे मेली. कोरडवाहू शेतीने हाकललेली आपली पोरे याच गाड्यांना लोंबकळून पोटामागे जातात. दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांवर मोक्का लावला. एक जण ९ वर्षांनी, २०१५ साली निर्दोष सुटला. बाकी १२ पैकी ५ जणांना फाशी, ७ जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले! कबुलीजबाब विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, एकाची नक्कल दुसऱ्यात आहे, असे निकालात आले. बारांतला एक तोवर कैदेतच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, एवढे त्या न्यायालयाने म्हटले. सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

मग बॉम्ब ठेवले कोणी? अळी बोंडात आणि फवारणी धुऱ्यावर, असे झाले तर अळीचे काय बिघडते? मेलेल्यांच्या घरच्यांना १९ वर्षे न्याय दिल्याचे सांगितले, हातात काय दिले?

एकाधिकार खरेदीत काटा सरकारचा होता, ग्रेडर सरकारचा, तक्रार ऐकणाराही सरकारचाच होता. मोक्क्याचे तेच. साध्या खटल्यात पोलिसापुढची कबुली पुरावा होत नाही; मोक्क्यात अधीक्षक दर्जाच्या साहेबापुढची होते. मग उन्हातान्हात पुरावा शोधत कोण फिरणार? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्येच, प्रकाश सिंह खटल्यात, पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले होते. महाराष्ट्राने कायदा बदलला २०१४ साली. गुप्तवार्ता खाते तर इंग्रजांनी १८८७ साली काढलेले. त्याचे अधिकार आखून देणारा संसदेचा कायदा अजून नाही. हिशेब मागायचा कोणाकडे?

आपले काय जाते, म्हणू नका. १९८५ चा टाडा पंजाबच्या नावाने आला आणि गुजरातेत आंदोलक शेतकऱ्यांवर चालला.

पोलिसांचे हात बांधा, असे मी म्हणत नाही. काटा तपासणारा बाहेरचा हवा. पोलिसांपुढची कबुली पुरावा धरू नये, तक्रार प्राधिकरणावर सरकारच्या मर्जीतली माणसे नकोत आणि गुप्तवार्ता खात्याने संसदेच्या समितीला हिशेब द्यावा, असा ठराव मी जिल्हा बैठकीत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी उभे राहून बोलावे.