शून्याचे वीस टक्के

"सध्या बाजाराचं काही खरं नाही, सहा महिन्यांनी या." वस्तीतल्या पोरांच्या कर्जाच्या फाइली घेऊन आम्ही बँकेत जातो, तेव्हा हे वाक्य ठरलेले असते. आमचा प्रश्न साधा आहे : बाजार डळमळला की बँकेची भीती सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येते का?

2020 चे उदाहरण घ्या. टाळेबंदी लागताच रिझर्व्ह बँकेने व्याजदर उतरवले, बँकांच्या हाती पैसा खेळवला. बँकांनी काय केले? कर्ज बुडेल या भीतीने तो परत रिझर्व्ह बँकेतच नेऊन ठेवला. 15 एप्रिलला ही रक्कम 6.9 लाख कोटी रुपये होती!

मे महिन्यात केंद्राने लघुउद्योगांसाठी 3 लाख कोटींच्या कर्जाची हमी योजना आणली. कर्ज बुडाले तर सरकार भरणार. म्हणजे बँकेची भीती जनतेच्या पैशाने विकत घेतली. पण कर्ज कोणाला? 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्याच्या नावावर आधीच कर्ज होते त्याला, त्या थकबाकीच्या 20 टक्के. ज्याला बँकेने कधी दारातच उभे केले नाही, त्याची बाकी शून्य. शून्याचे वीस टक्के किती होतात?

कोणी म्हणेल, बँक जात पाहत नाही, जोखीम पाहते. मग जोखीम कशावरून ठरते? सातबारा, घराचे कागद, जुने व्यवहार, ऐपतदार जामीनदार. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि व्यापार नाकारला, त्यांनी हे आणायचे कुठून? जातीने जे हिरावले, तेच बँक 'जोखीम' म्हणून पुन्हा आपल्याच खात्यावर मांडते.

2016 च्या स्टँड-अप इंडियानुसार प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला 10 लाख ते 1 कोटीचे कर्ज द्यायचे होते. तारणाऐवजी हमीची सोयही होती. तरी टेबलापलीकडून प्रश्न तोच : "तारण काय देणार?"

बाबासाहेबांनी 1923 सालीच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये दाखवले होते की, रुपया घसरल्यावर होणारा नफा देशाचा नसतो. तो एका वर्गाला दुसऱ्या वर्गाच्या खिशातून मिळतो. अनिश्चिततेचा हिशेबही तसाच आहे.

म्हणून आमची मागणी : प्रत्येक हमी योजनेत पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांचा वाटा राखून ठेवा, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी द्या. तोंडी नकार घेऊन आता आम्ही परत फिरणार नाही.

जय भीम!