फोटो काढलात, पण दिलात का?

मंडळी, गॅदरिंगच्या वेळी आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरतं. दरवर्षी भरतं आणि चांगलंच असतं, यात वाद नाही. ट्रेकवरचा सूर्योदय, पावसातला एसटी स्टँड आणि हमखास चार-पाच म्हाताऱ्या माणसांचे चेहरे. सुरकुत्या, बिडीचा धूर, सगळं ब्लॅक अँड व्हाइट. खाली शीर्षक 'जीवन', 'संघर्ष' नाहीतर 'प्रतीक्षा'. कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव, ब्रँच, कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, आयएसओ. एवढं सगळं असतं, फक्त त्या म्हाताऱ्याचं नाव नसतं!

अशा प्रत्येक फोटोपुढे उभं राहून मला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. एक, हे कोण? आणि दोन, यांना हा फोटो मिळाला का?

माझं मत सरळ आहे. ओळख नसलेल्या माणसाचा फोटो आपण आपल्या हौसेसाठी काढला, तर त्याची एक छापील प्रत त्याच्या हातात पडली पाहिजे. यात उपकार कसला? ती उधारी आहे, कँटीनच्या वहीत असते तशी. लिहिली की फेडायची.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. मी आरोंद्याचा. सावंतवाडी तालुक्यातलं तेरेखोल नदीकाठचं गाव. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आमचं घर ख्रिस्ती. घरात आल्तार, खुरसाकडे लदीन आणि लदीन संपली की उकडलेले चणे, अशात मी वाढलो. गावची देवी सातेरी भद्रकाली. तिच्या जत्रेलाही माझा सेकंडहॅण्ड कॅमेरा जातोच. हॉस्टेलवर मला नेहमी विचारतात, "अरे, तू ख्रिश्चन, मग तुला देवळात फोटो काढू देतात?" खरं सांगू? गावात माझा धर्म कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "कोणाचो रे तू?" आजोबांचं नाव सांगितलं की वाट मोकळी. मात्र दोन्हीकडे एक रेघ असते, ती ओलांडायची नाही. गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, आणि मिस्सामध्ये सगळे गुडघ्यावर असतात तेव्हा आपणही गुडघ्यावर. कॅमेरा पिशवीत. चांगला फोटो हुकतो? हुकू दे.

दशावताराचंही तसंच. रात्री संकासुर येतो तो अंगभर काळा, मागे काळोख, वर एलईडीचा झगझगाट. एक्स्पोजर मिळवता मिळवता घाम फुटतो. सोपा फोटो रंगभूषेच्या वेळचा असतो. पेटाऱ्याशेजारी आरसा घेऊन बसलेला नट, चेहरा अर्धा बाईचा, अर्धा बाप्याचा. बाहेरगावचे कॅमेरेवाले तिथेच तुटून पडतात. एकदा एका नटाने मला सांगितलं, रंग पुरा होऊ दे, मग हवे तेवढे काढ. मी थांबलो. त्याला लोकांनी ज्या रूपात बघावं असं वाटत होतं, त्या रूपात तो मला मिळाला. आता सांगा, फोटो माझा की त्याचा?

आता मुख्य गोष्ट. सुकतीच्या वेळी खाडीत बायका तिसऱ्या काढायला उतरतात. संध्याकाळचं ऊन पाण्यावर चमकत असतं, त्यामुळे लांबून झूम करून काढलात तर चेहरा काळा ठिक्कर येतो. आपल्या ईअँडटीसीवाल्यांना कारण सांगायला नको. मीटर सगळ्या उजेडाची सरासरी काढतो, त्यात पाणी जिंकतं आणि माणूस हरतो. उपाय एकच, जवळ जायचं आणि चेहऱ्यावर मीटर करायचा. जवळ जायचं म्हणजे बोलायचं. मी बोललो. म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "थांब, पदर सारको करू दी. आणि एक माका हाडून दी हां!" पुढच्या सुट्टीत मी चार बाय सहाचा प्रिंट नेऊन दिला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला. संपलं.

दोन वर्षांनी ती गेली. घरात तिचा दुसरा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. तो कसा असतो ते आपण सगळे जाणतो, स्वतःचाच ओळखू येत नाही! तिच्या मुलाने डब्यामागचा प्रिंट काढला, सावंतवाडीला नेऊन मोठा करून घेतला आणि मला निरोप धाडला, "फोटो तुझो, तेराव्याक तू ये." मी गेलो. भिंतीवर ती हार घालून होती, पदर सारखा करून. त्या दिवशी खाडीवर मी दोनशेच्या वर फोटो काढले होते. माझ्यासाठी तो त्यातला एक होता, त्या घरासाठी तो एकच होता.

आमच्या लोकांना हे जुनं ठाऊक आहे. गोव्यातल्या आणि आमच्या बाजूच्या जुन्या कॅथलिक घरांत एक विचित्र फोटो सापडतो. मधे उघडी शवपेटी, भोवती घरची माणसं कॅमेऱ्याकडे बघत उभी. लहानपणी आजीच्या ट्रंकेत असा फोटो बघून मी घाबरलो होतो. मग वडिलांनी समजावलं. घरातलं कुणीतरी बोटीवर, कुणी आफ्रिकेत, कुणी आखातात. मातीला यायला जमत नाही, तर निदान तोंड तरी दिसावं म्हणून तो फोटो टपालाने जायचा. म्हणजे फोटो काढायचाच मुळी कुणाला तरी देण्यासाठी.

याच्या उलट रीतही आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हौशी फोटोग्राफरांपैकी एक. भाऊंचा जन्म पेडण्यातल्या मांद्रे गावचा, म्हणजे आमच्या नदीपलीकडचाच! त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने 1863 ते 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढून मागे दुसरीकडचा देखावा जोडलेला असे. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी! पुढे सरकारने 1868 ते 1875 मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे 8 खंड छापले. बहुतेक फोटोंखाली जातीचं किंवा जमातीचं नाव, माणसाचं नाही. आपल्या ड्रॉइंग हॉलमधल्या 'संघर्षा'चं मूळ तिथे आहे, असं माझं मत.

आणि ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी? स्टीव्ह मॅकरीने तिचा फोटो 1984 साली निर्वासितांच्या छावणीत काढला, 1985 साली तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. जगाने पाहिला. शरबत गुला हे तिचं नाव जगाला कळलं 2002 साली, आणि तोपर्यंत तिने स्वतः तो फोटो पाहिलाच नव्हता! एवढ्या गाजलेल्या फोटोची ही कथा, तर आपल्या स्टडी टूरवाल्या फोटोंचं काय बोलायचं?

कायद्यातही गंमत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रस्त्यावर हौसेने काढलेल्या फोटोचा मालक फोटो काढणारा. पण पैसे देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर मालक पैसे देणारा. म्हणजे ज्याच्या खिशात स्टुडिओचे पैसे आहेत, त्याचा चेहरा त्याचा. ज्याच्याकडे नाहीत, त्याचा चेहरा आपला! 24 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला खरा, पण खाडीतली म्हातारी तो घेऊन कोर्टात जाणार आहे का? तेव्हा हे आपल्यालाच पाळायला हवं.

यावर रूमवर भरपूर वाद झालेत. पहिला मुद्दा, विचारलं की फोटो कृत्रिम होतो. होतो, पहिली पाच मिनिटं. नंतर माणूस कंटाळून आपल्या कामाला लागतो. आपण तिथेच थांबायचं, बस. दुसरा मुद्दा, मोबाइलवर पाठवला की झालं. ज्यांच्याकडे मोबाइल आहे आणि ज्यांना बघता येतो त्यांना जरूर पाठवा. पण मोबाइल पाण्यात पडतो, बदलतो. डब्यामागचा कागद राहतो. तिसरा मुद्दा, परवडत नाही. एक प्रिंट म्हणजे फार तर एक वडापाव. सगळ्यांना नको, जो निवडून प्रदर्शनात लावाल तेवढा तरी द्या.

म्हणून कमिटीला सुचवतो. फोटोखालच्या चिठ्ठीवर आयएसओच्या आधी दोन ओळी असाव्यात : माणसाचं नाव आणि गाव, त्याखाली 'प्रत दिली, तारीख अमुक'. नाव द्यायची त्याची इच्छा नसेल तर 'नाव देऊ नका म्हणाले' असं लिहा, तेही विचारल्याचाच पुरावा. ही ओळ कोरी असेल तर फोटो लावू नये, मग तो कितीही भारी असो.

डिसेंबरात एनएसएसचा कॅम्प आहे. फोटो काढाच, पण नाव-पत्ता वहीत टिपून आणा. पाकिटं आणि पोस्टाची तिकिटं माझ्या खोलीत आहेत. आणि सावंतवाडी, पेडणे बाजूचं कुणी असेल तर पोस्टाची भानगड नको, मी सुट्टीत घरी जाताना स्वतः नेऊन देईन.

– तृतीय वर्ष, स्थापत्य