देण्याघेण्याच्या साड्या

तुळशीचे लग्न लागले की इंदुरात लग्नसराई सुरू होते आणि सीतलामाता बाजारात पाय ठेवण्यास जागा उरत नाही. नवरीचा शालू निवडण्यास दोन दिवस लागतात, ते योग्यच आहे. पण त्याच फेरीत 'देण्याघेण्याच्या' म्हणून एक गठ्ठा घेतला जातो, त्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. रंग वेगळे असावेत, भाव एक असावा, एवढीच अट. पोत कोणी चाचपून पाहत नाही. कारण ती साडी आपल्याला नेसायची नसते.

जिला ती मिळते तिलाही नेसायची नसते, ही यातील खरी गंमत होय. आत्याबाईंना आलेली साडी पुढच्या मुंजीत मामींकडे जाते, मामींकडून विहीणबाईंकडे, आणि एखादे दिवशी घडीही न मोडता मूळ घरी परतते! हा मान बहुधा पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते, मातीत कुजत नाही, धुतले की त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. आणि जुन्या सुती लुगड्याची होते तशी त्याची मऊ गोधडीही होत नाही.

आजीच्या काळी सारे चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. तेव्हा लुगडे जपून वापरीत ते पुष्कळदा दुसरे घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. ऐपत आल्यावर आपण काय केले, हा प्रश्न आहे.

इंदुराहून दोन-अडीच तासांवर महेश्वर आहे. अहिल्याबाईंनी तेथे विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. पुढे मागांची खडखड मंदावली, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींच्याच पुढाकाराने 'रेहवा' संस्था उभी राहिली व अनेक स्त्रिया मागावर बसल्या. रेशमी ताणा, सुती बाणा, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ: एका साडीत दोन साड्यांची सोय! आपल्या घरांतून अहिल्याबाईंची पुण्यतिथी श्रद्धेने साजरी होते. आहेराचा गठ्ठा मात्र यंत्रमागावरचा.

हातमाग परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि मध्यमवर्गीय वधुपित्यापुढे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बारा साड्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. त्याच पैशांत आई, सासू अशा दोघी-तिघींना मनाजोगती हातमागाची साडी येते. बाकीच्यांस हातमागाचा सुती पंचा किंवा खण पुरतो. रुसवे होतील. ते आताही होतातच.

घेताना मात्र डोळे उघडे हवेत. यंत्रमागावरची नक्कल 'महेश्वरी' म्हणून खपविली जाते. साडीसह काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ चा आहे. २००६ पासून हातमागाची सरकारी खूणही आहे. ती खूण मागावी, पावतीवर 'हातमाग' असे लिहून घ्यावे. शंका आल्यास पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहावा: सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी बनते. लिहून देण्यास जो दुकानदार कां-कूं करील, त्याचे उत्तर मिळालेच म्हणावयाचे.

आणखी एक. मोठ्या दुकानात चिठ्ठीवरचा भाव आपण मुकाट्याने देतो आणि महेश्वरी घाटावर विणकराशी शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका खादी नेसून गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी सुताचा भाव पाडून मागितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

यंदा कोणी पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापलेच, तर पाहुण्यांनी त्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही. आजवर तो कोणीच ठेवीत नाही, म्हणून तर ते गठ्ठे फिरत आहेत.